स्मरण शाबूत असलेला अल्झायमर

चष्म्याचा नंबर पुन्हा पुन्हा बदलून झालेला असतो, मोतीबिंदूही काढून झालेला असतो, तरी ‘मला वाचता येत नाही’ ही तक्रार काही जात नाही. नेत्रतज्ज्ञ पडदा तपासतात, डोळ्यातला दाब मोजतात, सगळं ठीक निघतं. भिंतीवरच्या तक्त्यातलं एकेक सुटं अक्षर हा माणूस बिनचूक ओळखतो. पण हातात वर्तमानपत्र दिलं की ओळ सुटते, शब्द कुठे संपला ते कळत नाही. गंमत अशी की कधी कधी ठळक मथळ्यापेक्षा खालचा बारीक मजकूर त्याला सोपा जातो, कारण मोठं अक्षर एका नजरेत पुरतं मावतच नाही. रंगांधळेपणा तपासायची ठिपक्यांची पानं समोर धरली, तर हा तांबडा, हा हिरवा असं तो नीट सांगतो, मात्र त्या ठिपक्यांमधून उमटणारा आकडा त्याला दिसत नाही. समोरचा चहाचा कप सापडत नाही, आणि दूर फरशीवर पडलेली टाचणी दिसते. सदऱ्याच्या बाहीत हात घालताना गोंधळ होतो. जिन्याची शेवटची पायरी आली की नाही, याचा अंदाज चुकतो.

आणि विचारून पाहा: काल रात्री काय जेवलात, मुदत ठेव कधी संपते, धाकट्या भाच्याचं लग्न कुठल्या कार्यालयात झालं? उत्तरं खडाखड येतात. म्हणूनच घरचे म्हणतात, डोकं तर चांगलं चालतंय, डोळ्यांचंच काहीतरी असणार.

डोळे खरोखरच चांगले असतात. बिघाड असतो मेंदूच्या मागच्या भागात, म्हणजे डोळ्यांकडून आलेल्या तुकड्यांचं चित्र जिथे जुळवलं जातं तिथे. फ्रँक बेन्सन या अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९८८मध्ये अशा पाच रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि या अवस्थेला ‘पोस्टीरिअर कॉर्टिकल अ‍ॅट्रोफी’ असं नाव दिलं. आपण तिला ‘पीसीए’ म्हणू. साधारण पन्नाशी ते पासष्टीत ती सुरू होते. तिच्या मुळाशी बहुतेक वेळा जो रोग निघतो, त्याचं नाव ऐकून घरच्यांचा विश्वास बसत नाही: अल्झायमर.

इंग्रजी लेखक टेरी प्रॅचेट यांच्या बाबतीत हेच झालं. ‘डिस्कवर्ल्ड’ ही विनोदी कादंबरीमाला लिहिणारे प्रॅचेट यांना आपल्या टंकलेखनात चुका वाढल्याचं जाणवू लागलं होतं. आधी लहानसा पक्षाघात येऊन गेला असावा, असा निष्कर्ष निघाला. डिसेंबर २००७मध्ये, वयाच्या ५९व्या वर्षी, त्यांनी अल्झायमरचा एक दुर्मीळ प्रकार झाल्याचं स्वतःच जाहीर केलं. तो प्रकार म्हणजे पीसीए. कळफलकावरची अक्षरं सापडेनाशी झाली, तेव्हा ते सहायकाला आणि आवाज ओळखणाऱ्या संगणकाला कादंबऱ्या सांगू लागले आणि २०१५मध्ये मृत्यू येईपर्यंत पुस्तकं येत राहिली. गुंतागुंतीचं कथानक, पात्रांची भाऊगर्दी, शाब्दिक कोट्या हे सगळं डोक्यात धरून ठेवता येत होतं. हा अल्झायमरच का, असा प्रश्न त्यांच्या वाचकांना पडला असेल तर त्यात नवल नाही.

आपल्या मनातला अल्झायमर म्हणजे विसर. किल्ल्या सापडत नाहीत, तेच तेच विचारलं जातं, मग घराचा रस्ता हरवतो. वय वाढून झालेल्या रोगात हे चित्र बहुतांशी खरंही असतं. पण पासष्टीच्या आत सुरू होणाऱ्या अल्झायमरमध्ये सुमारे एक तृतीयांश रुग्णांची सुरुवात विसराने होतच नाही. कुणाची नजर जाते, कुणाचे शब्द जातात, कुणाचा स्वभाव बदलतो, कुणाचा एक हात ऐकेनासा होतो. १९०१मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात दाखल झालेल्या ज्या ऑगुस्टे डेटर यांच्या मेंदूवरून अलॉइस अल्झायमर यांनी १९०६मध्ये हा रोग मांडला, त्याही तेव्हा अवघ्या ५१ वर्षांच्या होत्या, आणि त्यांच्या आजाराचं एक ठळक लक्षण होतं नवऱ्याबद्दलचा पराकोटीचा संशय. पाठ्यपुस्तकाने ज्याला ‘नेहमीचा’ ठरवलं, त्याची मूळ रुग्णच नेहमीच्या चौकटीत फारशी बसत नाही.

अडचण निदानाची होती. अल्झायमरची खूण दुहेरी असते: चेतापेशींच्या बाहेर साचलेले बीटा-अमायलॉइड प्रथिनाचे थर आणि पेशींच्या आत टाऊ प्रथिनाचे गुंते. ही खूण पाहायची तर मेंदूचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा लागे, म्हणजे माणूस गेल्यावरच. शब्द हरवलेल्या एखाद्या बाईंना अल्झायमर होता की फ्रंटोटेम्पोरल ऱ्हास हा वेगळाच मेंदूरोग, हे घरच्यांना कळायचं ते दिवस-वार झाल्यानंतर, आणि तेही कुणी शवविच्छेदनाला संमती दिली असली तर.

हे बदललं ते एका पिवळ्या रंगद्रव्यामुळे. थायोफ्लेविन-टी हे रंगद्रव्य अमायलॉइडला चिकटतं, हे शवचिकित्सकांना माहीत होतंच. ते जिवंत माणसाच्या शिरेत टोचून मेंदूपर्यंत पोचवता आलं तर? पण त्याच्या रेणूवर विद्युतभार असतो, आणि रक्त व मेंदू यांच्यामधला अडसर अशा रेणूंना सहसा आत सोडत नाही. पिट्सबर्ग विद्यापीठातले विल्यम क्लंक आणि चेस्टर मॅथिस वर्षानुवर्षं या कोड्याच्या मागे होते. शेवटी त्यांनी रेणूवरचा तो भार काढून टाकला, त्याला किरणोत्सारी कार्बन-११ जोडला आणि ‘पिट्सबर्ग कंपाउंड-बी’ तयार झालं. फेब्रुवारी २००२मध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथे ते पहिल्यांदा माणसाला टोचलं गेलं. १६ अल्झायमरचे रुग्ण आणि ९ निरोगी माणसं यांच्यावरचा तो अभ्यास २००४मध्ये छापून आला आणि जिवंत मेंदूतलं अमायलॉइड पडद्यावर दिसलं.

कार्बन-११चं अर्धायुष्य अवघं वीस मिनिटं. म्हणजे सायक्लोट्रॉन त्याच आवारात हवा. तिथे बनवायचं आणि धावत जाऊन टोचायचं. (योगायोग असा की भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला, तोही २००२मध्येच, मात्र मुख्यतः कर्करोगाच्या तपासणीसाठी.) पुढे कार्बनच्या जागी फ्लोरिन-१८ आला. त्याचं अर्धायुष्य ११० मिनिटं, त्यामुळे एका ठिकाणी बनवलेलं औषध शहराच्या दुसऱ्या टोकाला पाठवता येऊ लागलं. फ्लोरबेटापिर, फ्लुटेमेटामॉल आणि फ्लोरबेटाबेन या तीन औषधांना अमेरिकेत २०१२ ते २०१४ या काळात एकामागून एक मान्यता मिळाली.

तपासणी रुग्णाच्या बाजूने साधी असते. शिरेत सुई, मग तासभर बसून राहणं, मग दहा-वीस मिनिटं डोकं न हलवता यंत्राच्या कड्यात पडून राहणं. फ्लोरिनचा अणू विघटन पावताना एक पॉझिट्रॉन बाहेर टाकतो. तो जवळच्याच इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघंही नष्ट होतात आणि दोन गॅमा किरण बरोबर विरुद्ध दिशांना सुटतात. कड्यावरच्या समोरासमोरच्या दोन संवेदकांना ते एकाच क्षणी लागले, की त्यांना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी तो अणू होता हे नक्की होतं. अशा लाखो रेषा एकमेकींना छेदतात तिथे चित्र उमटतं.

हे चित्र वाचणं मात्र वाटतं तितकं सरळ नाही. मेंदूतलं पांढरं द्रव्य चरबीयुक्त असल्याने हे औषध तिथे सगळ्यांच्याच मेंदूत उजळतं, रोग असो वा नसो. त्यामुळे ‘उजळलं म्हणजे अमायलॉइड’ असं म्हणून चालत नाही. तपासणारा पाहतो ती कड. अमायलॉइड नसलेल्या मेंदूत पांढरं द्रव्य शिशिरातल्या निष्पर्ण झाडासारखं दिसतं, फांद्या स्पष्ट आणि भोवतीचा करड्या द्रव्याचा पट्टा काळा. अमायलॉइड असेल तर तो काळा पट्टाही उजळतो, फांद्यांच्या कडा बुजतात आणि दोन्ही गोलार्धांमधली फट अरुंद भासते. तुलनेसाठी लहान मेंदू हाताशी असतोच, कारण त्याच्या बाह्यभागात बऱ्याच उशिरापर्यंत अमायलॉइड फारसं साचत नाही. आकड्यांत बोलायचं तर २०१५पासून ‘सेंटिलॉइड’ ही मोजपट्टी आहे: तरुण निरोगी मेंदूंची सरासरी म्हणजे ० आणि नेहमीच्या अल्झायमरच्या रुग्णांची सरासरी म्हणजे १००. सरासरीच असल्याने कुणाचा आकडा उण्यात निघतो, कुणाचा शंभराच्या वर.

आता खरी मजा. हे साधन हाती आल्यावर वेगळ्या लक्षणांच्या रुग्णांकडून संशोधकांची एक स्वाभाविक अपेक्षा होती: नजर गेलेल्याच्या मेंदूत अमायलॉइड मागे साचलेलं असेल, शब्द गेलेल्याच्या डाव्या बाजूला असेल आणि विसर पडणाऱ्याचं स्मरणाच्या भागाजवळ. अनेकांनी पाहिलं, आणि बहुतेकांना जवळपास एकच चित्र मिळालं. तिन्ही प्रकारच्या रुग्णांत कपाळामागचा भाग, मध्यरेषेजवळचा मागचा भाग आणि बाजूचे भाग असं सगळीकडे अमायलॉइड पसरलेलं. काही छोट्या अभ्यासांना पीसीएमध्ये मागच्या बाजूला थोडं जास्त आढळलंही, पण मोठ्या गटांत तो फरक टिकला नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने २०११ आणि २०१३मध्ये छापलेल्या निष्कर्षांचा सारांश हाच: लक्षणं वेगळी, ग्लुकोजचा वापर मंदावल्याच्या जागा वेगळ्या, अमायलॉइड मात्र सारखंच.

म्हणजे ज्या पदार्थाला रोगाचं मूळ मानलं जात होतं, त्याचा नकाशा आणि रुग्णाच्या तक्रारीचा नकाशा जुळत नव्हते. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वात महत्त्वाची गोष्ट हीच, आणि रुग्णाच्या नातेवाइकांना ती कुणी नीट सांगत नाही. अमायलॉइडचा स्कॅन ‘कोणता रोग’ या प्रश्नाचं उत्तर देतो. ‘मग यांनाच वाचता का येत नाही?’ या प्रश्नावर तो गप्प राहतो. अहवालातलं ‘पॉझिटिव्ह’ वाचून मुलगा विचारतो, ‘कुठे आहे?’ ‘सगळीकडे’ या खऱ्या उत्तराने त्याचं समाधान होत नाही.

‘कुठे’चं उत्तर दुसरी दोन चित्रं देतात. एक जुनं: किरणोत्सारी ग्लुकोज टोचून काढलेलं, मेंदूचा कोणता भाग किती साखर जाळतो ते दाखवणारं. पीसीएच्या रुग्णात मेंदूचा मागचा भाग काळवंडलेला दिसतो. दुसरं नवं: टाऊचं. २०१६मध्ये रिक ओसेनकोप्पेले आणि सहकाऱ्यांनी २० रुग्णांचे तिन्ही प्रकारचे स्कॅन शेजारी शेजारी ठेवले. अमायलॉइड सगळीकडे पसरलेलं. पण नजर गेलेल्यांमध्ये टाऊ मागे एकवटलेलं, शब्द गेलेल्यांमध्ये डावीकडे झुकलेलं, आणि जिथे टाऊ तिथेच साखरेचा वापर घटलेला. टाऊसाठीच्या फ्लोरटॉसिपिर या औषधाला अमेरिकेत २०२०मध्ये मान्यता मिळाली.

उप्सालाच्या पहिल्यावहिल्या रुग्णाच्या मेंदूचाही नंतर, मृत्यूनंतर, अभ्यास झाला. हयातीत त्याचा स्कॅन दोनदा झाला होता. मधल्या काळात स्मरण घसरलं, ग्लुकोजचा वापर घसरला, अमायलॉइड मात्र जवळपास होतं तेवढंच राहिलं. लक्षणं दिसायच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून ते साचत आलेलं असतं. घसरण सुरू होते तेव्हा त्याची पातळी जवळजवळ भरत आलेली असते.

मग अशा स्कॅनचा उपयोग काय? भरपूर, फक्त योग्य माणसाला हवा. शब्द हरवण्याचंच पाहू. मार्सेल मेसुलाम यांनी १९८२मध्ये सहा रुग्ण मांडले, ज्यांची भाषा हळूहळू जात होती आणि बाकी बुद्धी बराच काळ टिकून होती. पुढे त्याचे तीन प्रकार ठरले. एकात माणूस अडखळत, कष्टाने, व्याकरण मोडत बोलतो. दुसऱ्यात बोलणं अस्खलित असतं, पण शब्दांचे अर्थच पुसले जातात. ‘परात म्हणजे काय?’ असं तो खरोखर विचारतो. मारिया लुईसा गोर्नो-टेम्पिनी यांनी २००४मध्ये नेमका मांडलेला तिसरा प्रकार म्हणजे लोगोपेनिक. यात परात म्हणजे काय ते पक्कं माहीत असतं, पण तोंडाशी येत नाही: ‘ते हे... कणीक भिजवतो ना आपण, ते... मोठं...’ व्याकरण शाबूत, थांबे फार. एकच शब्द मागाहून म्हणायला सांगितला तर म्हणतो. पण ‘सकाळी उठल्यावर आजोबा अंगणातल्या तुळशीला पाणी घालतात’ एवढं वाक्य म्हणून दाखवायला सांगितलं की मध्येच तुटतं, कारण ऐकलेले आवाज क्षणभर धरून ठेवणारी साठवण कोती झालेली असते.

कानाने ऐकून हे तिघं वेगळे करणं अनुभवी तज्ज्ञालाही दर वेळी जमत नाही. अमायलॉइडचा स्कॅन इथे कामाला येतो. जगभरच्या १,२५१ रुग्णांची माहिती एकत्र करून २०१८मध्ये आलेल्या अभ्यासात लोगोपेनिक प्रकारात ८६ टक्के पॉझिटिव्ह होते, अडखळणाऱ्या प्रकारात २० टक्के आणि अर्थ हरवणाऱ्या प्रकारात १६. म्हणजे लोगोपेनिकच्या मुळाशी बहुधा अल्झायमर, उरलेल्या दोघांच्या मुळाशी बहुधा दुसरं काही. हा फरक कागदावरचा नाही. अल्झायमरमध्ये दिल्या जाणाऱ्या डोनेपेझिलसारख्या गोळ्या फ्रंटोटेम्पोरल ऱ्हासात उपयोगी पडत नाहीत, उलट चिडचिड आणि अस्वस्थपणा वाढवू शकतात. तीच गत कॉर्टिकोबेसल सिंड्रोमची. त्यात एक हात ताठर, परका झाल्यासारखा वागतो. वरून सगळे रुग्ण सारखे दिसतात, आणि स्कॅन केला तर सुमारे एक तृतीयांशांत अमायलॉइड सापडतं.

वयाची एक बाजू इथे विसरून चालणार नाही. बुद्धी अगदी ठणठणीत असलेल्या लोकांतही अमायलॉइड असतं: पन्नाशीत सुमारे १० टक्क्यांमध्ये, नव्वदीत ४४ टक्क्यांमध्ये. म्हणून ५५ वर्षांच्या, वाचता न येणाऱ्या माणसाचा स्कॅन पॉझिटिव्ह आला तर ते उत्तर जवळजवळ पक्कं. ८५ वर्षांच्या माणसात तोच निकाल आला तर तो रोगाचं कारण दाखवतो की वयाबरोबर आलेला सोबती, हे स्कॅन सांगू शकत नाही. लेवी बॉडी डिमेन्शिया या वेगळ्या रोगातही निम्म्याहून अधिकांत अमायलॉइड मिळतं. उलट ‘निगेटिव्ह’ हे उत्तर कुठल्याही वयात वजनदार असतं. त्याने अल्झायमर बहुतेक बाद होतो. बहुतेक म्हणायचं कारणही स्वीडनमधलंच आहे. तिथल्या एका कुटुंबातल्या ‘आर्क्टिक’ नावाच्या जनुकीय बदलात अल्झायमर होतो, पण अमायलॉइडचे घट्ट तंतू फारसे बनत नाहीत. पिट्सबर्ग कंपाउंड चिकटतं ते तंतूंना, म्हणून या रुग्णांचा स्कॅन जवळपास कोरा येतो. हा बदल उप्सालाच्या लार्स लानफेल्ट यांच्या गटाने शोधला, आणि त्याच शोधाच्या धाग्याने पुढे लेकानेमॅब हे अमायलॉइड काढून टाकणारं औषध आलं.

अमेरिकेत ‘आयडियाज’ नावाच्या मोठ्या पाहणीत ११,४०९ लोकांचे स्कॅन झाले. डिमेन्शिया असलेल्यांपैकी ७०.१ टक्के पॉझिटिव्ह निघाले. म्हणजे दहातल्या तिघांमध्ये अमायलॉइड नव्हतंच. स्कॅननंतर साठ टक्क्यांहून अधिकांच्या उपचारात बदल झाला, असं २०१९च्या अहवालात आहे. त्या ‘बदला’त गोळ्या सुरू करणं-थांबवणं जसं येतं, तसं कुटुंबाला पुढच्या काळाबद्दल दिलेला सल्लाही येतो, हे लक्षात घेऊनच तो आकडा वाचावा.

आपल्याकडे साठीपुढच्या लोकांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३मध्ये छापून आला. किरणोत्सारी ग्लुकोज कर्करोगासाठी लागतंच, त्यामुळे साखरेचं चित्र काढणं त्या मानाने सोपं. पण कुठल्याही स्कॅनच्या आधीची पायरी म्हणजे नेमकी शंका येणं, आणि ती रुग्णाच्या भाषेत केलेल्या चाचणीतून येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अशा चाचण्यांचा जो संच बनवला, तो पहिल्या टप्प्यात हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम अशा पाच भाषांत होता. मराठी त्यात नव्हती. अस्सल मराठी माणसाला इंग्रजी चाचणीचं शब्दशः भाषांतर म्हणायला लावायचं आणि तो अडखळला की खूण करायची, याला तपासणी म्हणवत नाही.

रक्ताच्या चाचण्याही आल्या आहेत. टाऊचा एक प्रकार आणि अमायलॉइड यांचं रक्तातलं गुणोत्तर मोजणाऱ्या चाचणीला अमेरिकेत मे २०२५मध्ये परवानगी मिळाली. ती स्कॅनपेक्षा सोपी आहे आणि तिचंही उत्तर ‘कोणता रोग’ एवढ्यापुरतंच आहे.

उपचाराच्या दारात मात्र या रुग्णांची अडवणूक झाली. लेकानेमॅबच्या मोठ्या चाचणीत प्रवेशासाठी दोन अटी एकत्र होत्या: अमायलॉइड असल्याचा पुरावा हवा, आणि गोष्ट ऐकवून थोड्या वेळाने ती सांगायला लावणाऱ्या परीक्षेत स्मरण अपेक्षेपेक्षा खाली घसरलेलं हवं. नजर किंवा शब्द गेलेल्यांपैकी अनेकजण पहिली अट सहज पूर्ण करत होते. दुसऱ्या अटीत, गोष्ट नीट आठवते म्हणून, ते बाहेर राहिले.